डाळमिलच्या मागची गल्ली

उदगिरात कुणालाही विचारा,
डाळमिलच्या मागं राहणारी माणसं भांडखोर.
रिक्षावाला कोपऱ्यावरच सोडतो,
म्हणतो, आत कायतरी पेटलंय बाई, जपून जा.

आत काही पेटलेलं नसतं.
आत धोंडूबाई नवऱ्याला विचारत असते
भाजीत मीठ बरंय का.

मी अहमदपूरची. लग्न होऊन आले
तेव्हा आठ दिवस पदराआड रडले.
सासरे म्हणायचे, बस गं पोरी, जेव,
ते असं, की फळीवरचे डबे हादरावेत.
आमच्या माहेरी एवढा आवाज
फक्त बांध ओलांडलेल्या म्हशीसाठी.

मी दारात उभी होते त्या दिवशी
सासूबाई आत वळून ओरडल्या, सून आलीय दारात,
आणि आतून सासऱ्यांचा आवाज आला,
ऊन आलंय तर पापड टाका की वाळू.

मग हळूहळू कळलं.
चाळण्यांजवळ बारा बारा तास, तीस तीस वर्षं.
मिल एकदम काही नेत नाही माणसाचं,
रोज चिमूटभर ऐकणं नेते,
तुरीचं टरफल उडावं तसं, फुंकर मारून.
आधी चिमण्या जातात. मग स. मग फ.
साठाचे आठ होतात आणि भाजीवालीशी तंटा.
सातला या म्हटलं की पाहुणे
आत या समजून चपला काढतात.

गेल्या साली शाळेत शिबिर झालं.
लातूरची पोरगी कानाला डबडी लावून म्हणायची,
आवाज आला की बोट वर करा.
आमची माणसं हुशार,
तिच्या अंगठ्याकडं बघून बोट वर करायची.
मग तिनं भिंतीकडं तोंड केलं.
वर्ग निवांत. बोटं मांडीवर.

एकेचाळिसांत किती सापडले, मी विचारलं.
म्हणाली, मावशी, चांगल्या कानाचे मोजते,
ते लवकर होईल.
खाजामियाँ, विश्वंभर, मुनीम,
काचेच्या खोलीत बसणारा मालकसुद्धा,
आणि बिराजदार मास्तर,
ज्यांनी मिल फक्त बाहेरून बघितली, नुसतं वय झालेलं.
बाहेर आलेला प्रत्येकजण एकच बोलला,
मला येतंय ऐकू.
लोकच तोंडातल्या तोंडात बोलायलेत.

सासऱ्यांना यंत्र मिळालं.
सकाळभर अंगणात बसून राहिले.
म्हणाले, कावळे हायेत व्हय अजून.
पुढं सेल संपला.
यंत्र चष्म्याच्या घरात आहे, चष्मा खिडकीत.

आता हे. त्रेचाळीस वय.
'अहो' म्हणजे तर निव्वळ वारा, तो पोचत नाही.
म्हणून मी नाव घेते, उखाण्याशिवाय,
मल्लिकार्जुन, गल्लीच्या मधोमध, सहा घरं ऐकतील असं.
सासूबाईंनी डोळे वटारले एकदा.
आता त्याही घेतात, त्यांच्या त्यांचं.

लाईट गेली की ह्यांना ऐकू येत नाही.
ओठ दिसत नाहीत ना.
म्हणतात, थांब, लाईट येऊ दे, मग बोल.
पण काही गोष्टी लाईट येईपर्यंत टिकत नाहीत,
आणि काही ओरडून सांगता येत नाहीत.
बायकांचे कान शाबूत आहेत आमच्या गल्लीत.

परवा रात्री अंधारात
मी त्यांचा तळहात ओढून घेतला,
बोटानं लिहिलं, एकेक अक्षर, थांबत थांबत,
पोरीच्या मनात कुणीतरी आहे.
बराच वेळ हात तसाच उघडा.
मग त्यांनी माझा हात धरला,
डाळीचा वास असलेल्या बोटानं लिहिलं, कोन.
चौथीपर्यंतच शिकलेत.

मी नावाचं पहिलं अक्षर काढलं
आणि लाईट आली.
दोघंही वर बघत बसलो,
बल्बकडं,
त्यानंच काही विचारल्यासारखं.