डावीकडून तिसरी

अझोर्समधल्या पिको बेटावर दुपारी दीडनंतर
नगरपालिकेच्या संग्रहालयात मी असते
आणि स्कॅनरची घरघर.
बुटांच्या खोक्यांतून आलेल्या निगेटिव्ह
एकेक उजेडात धरायची, फुंकर मारायची,
मग चौकटी भरायच्या:
ठिकाण, साल, छायाचित्रकार,
वर्णन एकशे चाळीस अक्षरांत.
हक्क – यादीतून एक निवडा.

क्रमांक चारशे सतरा मी अशी चढवली:
'लाजेसचा धक्का, बहुधा १९५८.
व्हेल मारायला गेलेल्या होड्यांची वाट बघणाऱ्या बायका.
डावीकडून तिसरी, अज्ञात,
उन्हामुळे डोळ्यांवर हात धरून.'
छायाचित्रकार: अज्ञात.
हक्क: कुणाचेही आढळले नाहीत. वापर खुला.

खुला म्हणजे किती खुला
ते आठ महिन्यांनी कळलं.
हाम्बुर्गमध्ये एका विमा कंपनीच्या भिंतीवर
ती तीन मजले उंच उभी होती,
पायाशी एकच शब्द: भरवसा.
ट्यूनाच्या डब्यावर होती,
डोक्याचा रुमाल कुणीतरी लाल रंगवलेला.
कुणी तिच्याखाली विरहाची चार वाक्यं लिहिली,
कुणी तिला सिसिलीची केली, कुणी आयर्लंडची.
आमचं नाव फक्त एकानं दिलं,
तेही चुकीचं.
मी रागावले नाही. खरं सांगायचं तर हरखले.
रोज सकाळी कॉफीआधी आकडा बघायचे,
काल किती जणांनी उतरवून घेतली.

मग एका गुरुवारी देओलिंदा आली.
वय शहाऐंशी, हातात फडक्यात बांधलेलं चीज.
भाच्यानं फोनवर दाखवलं म्हणे.
'अज्ञात कशी?
ही आमची फिलोमेना.
आणि ऊन कुठंय गं? सावल्या बघ.'

बघितल्या.
धक्क्यावर एकाही बाईची सावली नव्हती.
ही निगेटिव्ह मी दोन दिवस साफ केली होती,
धुळीचा ठिपका न् ठिपका टिपला होता,
आणि आभाळ बघितलंच नव्हतं.

'लिस्बनचा कुणी होता. तीन दिवस मागे लागलेला.
पहिल्या दिवशी ती नको म्हणाली.
दुसऱ्या दिवशीही म्हणाली.
तिसऱ्या दिवशी हात वर केला.'
देओलिंदानं आपलाच हात वर करून दाखवला.
तळवा माझ्याकडे.
ऊन अडवताना तळवा खाली असतो.
एवढं साधं.

त्याचं नाव? मी विचारलं, पेन उचलून.
'त्याचं कोण लक्षात ठेवतं?'

मी म्हटलं, काढून टाकते, अर्ज भरू.
ती हसली. 'हाम्बुर्गची भिंत तू उतरवणार?'
मग बराच वेळ फडक्याची गाठ सोडत, बांधत राहिली.
एकसष्टला फिलोमेना गेली
बोस्टनकडच्या शिवणाच्या कारखान्यात.
तिकडेच वारली. नातं तुटलेलं होतं तेव्हा,
जमिनीवरून, दुसरं काय.
'घरात तिचा एक फोटो नाही.
काढूच द्यायची नाही कुणाला.
तेव्हा राहू दे हा.
पण नीट लिही.'

ठेवावा हे सांगणारी ही कोण,
आणि मी तरी कोण, हे मनात आलं.
यादी पुन्हा उघडली:
सर्व हक्क राखीव. श्रेय देऊन वापरा.
व्यापारासाठी नको. सर्वांसाठी मुक्त.
सगळे बटण दाबणाऱ्याचे.
हात वर करणारीसाठी
मी खालपर्यंत सरकवत गेले,
यादी संपली.

वर्णन बदललं:
'डावीकडून तिसरी: फिलोमेना, नको म्हणताना.'
हाम्बुर्गला ते कळणार नाही.

जाताना देओलिंदानं प्रिंट मागितली.
प्रिंटला पावती लागते, दोन युरो,
आणि वापराचा हेतू लिहावा लागतो,
घरगुती, शैक्षणिक, इतर.
मी पेन धरून थांबले.
प्रिंट चीजच्या फडक्यात गुंडाळत ती म्हणाली,
'इतर. लिही –
भांडायला.'