गुरुवारी पाणी बंद

एकतीस वर्षं पर्वतीच्या टाकीखालची चावी
माझ्या हातात होती.
धनकवडीला किती आटे, बिबवेवाडीला किती,
झोपेतसुद्धा बोटं मोजायची.

म्हणून अत्तार मॅडमनी पडद्यावर
कौसल्याची गाठ दाखवली
तेव्हा मला गाठ दिसलीच नाही,
लाइन दिसली.
वाकडीतिकडी, मध्येच फुगलेली, जागोजाग गळकी,
रातोरात कुणीतरी ओढलेली.

आधी तांदळाएवढी असते, मॅडम म्हणाल्या,
शेजारपाजारच्या ओलीवर भागवते.
वाढली की तहानते, हाका घालते,
आणि चांगल्या नळ्यांना फुटवे येतात
तिच्या दिशेनं.

मला आंबेगाव पठार आठवलं.
नकाशात नसलेल्या चार खोल्या,
एक रबरी पाइप, एक मोटर,
वर्ष फिरलं तेव्हा पाच मजले.
मेन लाइन कुणाला नाही म्हणत नाही.

"मग तोडा की कनेक्शन."
मॅडम हसल्या. तोडायचं औषध आहे.
पण पार कोरडी पाडली तर
ती उठून दुसरीकडे घर शोधते.
शिवाय केमो आत जायचं कुठून?
त्याच नळ्यांतून ना?
बेतानं दिलं तर वेड्यावाकड्या नळ्या
थोडे दिवस सरळ वागतात. तेवढ्यात
आपण आपलं काम उरकायचं.

मी मान हलवली.
बंदोबस्तात तोडलेली कनेक्शनं मी पाहिलीत,
आणि आठव्या दिवशी
पलीकडच्या बोळात ओली झालेली माती.

रिक्षात हे सगळं कौसल्याला सांगत होतो.
स्वारगेटपर्यंत ती गप्प.
मग म्हणाली, "ती माणसं होती.
तहानलेली.
त्यांच्या हंड्याला माझ्या रोगाचं नाव देऊ नका."

यावर काय बोलणार?
सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला.

आता एक गुरुवार आड सलाइन.
घरी रक्तदाब मी मोजतो, वहीत लिहितो.
गवार मोडताना नखाशी गेलेली चीर
बारा दिवस मिटत नाही;
आपली नळी कुठली, परकी कुठली,
औषधाला कुठं कळतं?

आजही गुरुवार. नळ कोरडा, बादल्या भरलेल्या.
सुई शोधता शोधता नर्स थकते,
शीर सापडत नाही.
कौसल्या आपल्याच मनगटाकडे बघते
आणि महापालिकेच्या आवाजात सांगते,
"नागरिकांनी नोंद घ्यावी.
शुक्रवारी उशिरा
व कमी दाबाने."