साल

डॉक्टरेटचं तिसरं साल. प्रबंध अडलाय
एका बटाट्यापाशी.

डलुथचं पुनर्वसन केंद्र, खिडकीबाहेर गोठलेलं सरोवर.
तोइवो लाहती, खनिजवाहू जहाजावरचा आचारी,
उजवा हात मांडीवर ठेवून बसलेला,
कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.

मी खिळ्यांची फळी पुढे केली, बटाटा रोवला.
डाव्या हाताने चार मिनिटं, बारा सेकंद.
मी वहीत लिहिलं: प्रगती.

त्याने साल उचलली, दिव्यासमोर धरली.
"जाड," म्हणाला.
"एवढ्यात एक खलाशी जेवला असता."

मार्गदर्शक विचारतात, सुधारणा मोजणार कशी?
समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय:
सालीतून उजेड दिसेपर्यंत.

उद्या पाच पौंडांची पिशवी आणायची.
पावती कुठल्या परिशिष्टात जोडतात,
विचारायला हवं.