मैलकुली

माझ्याकडे आठ किलोमीटर होते,
सव्वीसच्या दगडापासून चौतीसच्या दगडापर्यंत.
सकाळी बायको विचारायची, आज कुठवर?
मी म्हणायचो, तिसाची मोरी.
तेवढ्यावर भाकरी बरोबर पोचायची.

साहेबांच्या नकाशात
दिंडोरीकडून वणीकडे ओढलेली एक रेघ.
रेघेला चढ नसतो.
तिच्या कडेला घाणेरी माजत नाही,
आणि कुणी रात्रीत नळासाठी चर खणून
सकाळी अंगावर माती ओढत नाही.

सत्ताविसाला कारभारी बस्त्यांची द्राक्षं
रस्त्याला इतकी खेटून
की घडांवर धूळ बसू नये म्हणून
घरातल्या जुन्या साड्या तारेवर ताणलेल्या.
येष्टीतली माणसं नुसते रंग बघायची.
मला ठाऊक, आईची हिरवी कुठली,
थोरल्या सुनेची जांभळी कुठली.
धाकटी अजून आली नव्हती.

एकोणतिसाला वळण.
टोमॅटोची पिकअप हंगामात एकदा तरी तिथं आडवी व्हायची.
मी आधी ड्रायव्हरचे हातपाय मोजायचो,
मग क्रेट.
पुढच्या श्रावणात साइडपट्टीवर
टोमॅटोची रोपं उगवायची,
कुणाच्याच सातबाऱ्यावर नसलेली.
त्यांना मी खुरपं लावलं नाही.
साहेबांना हे सांगू नका.

मोरीत कान घातला की
पाट सुटल्याचं गावाआधी मला कळायचं.

मे महिन्यात झाडांना गेरू आणि चुना,
दगडांना हिरवी टोपी.
सुपडू मुकादम म्हणायचा,
राज्यमार्ग म्हणजे हिरवा,
रंग चुकला तर रस्ता चुकला.
आकडे मी हातानं काढायचो.
माझ्या तिनाचं पोट जरा सुटलेलं.
साहेब हसले, पण पुसायला लावलं नाही.

कुली म्हणून लागलो, कुली म्हणूनच सुटलो.
बढती झाली ती रस्त्याला.
हिरव्यावर पिवळा चढला,
वळण कापून सरळ केलं,
माझे आठ किलोमीटर
आता साडेसातच भरतात.

उरलेला अर्धा बस्त्यांच्या मागं पडून आहे.
त्या डांबरावर सोयाबीन वाळतं,
पोरं चेंडू खेळतात, गाडी येत नाही म्हणून
कुणी मागं वळून बघतसुद्धा नाही.
दगड उपटून कडेला टाकलेला,
टोपी विटलेली,
एकोणतीस मात्र ठळक, खाली वणी अकरा.

परवा गेलो तर धाकटी सून भेटली.
तिची साडी अजून तारेवर आलेली नाही.
म्हणाली, मामा, हा दगड
कांद्याच्या चाळीला पायरी म्हणून घेऊ का?

मी म्हणालो, घे.
मग घरी येताना आठवलं,
आकडा वर ठेव हे सांगायचं राहिलं.
परत वळलो.
अकरा किलोमीटर नव्हते ते,
पण गुडघ्यांना तेवढे वाटले.