अंबाडीचा देठ

मी सायन्ना गड्डम, रंगारी.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं
टॉवेलांना रंग पाजतोय.
लाल म्हटलं की तुम्हाला एक दिसतो,
मला चौदा दिसतात.
भिजलेल्या विटेचा.
तव्यावर करपायच्या आधीच्या मिरचीचा.
तिसऱ्या धुण्यात बेइमान होणारा.
आणि एक, जो बाहेरदेशीच्या पार्टीनं परत पाठवला
आणि मालकानं वर्षभर मला ऐकवला.

कारखान्यामागं ओढा आहे.
त्याला पूर्वी नाव होतं म्हणतात.
आम्ही त्याला वारानं ओळखतो :
सोमवारी नेव्ही ब्ल्यू,
बुधवारी माझा लाल,
शुक्रवारी ब्लीचिंग, तेव्हा काठोकाठ फेस
आणि पोरं ओरडतात, आज ओढा दाढी करायलाय बे!

पलीकडे भौरम्माचं अर्धा एकर.
शेपू, चुका, पालक, अंबाडी.
अंबाडीला आमच्या घरात गोंगूरा म्हणतात,
तिच्या घरात पुंडीपल्ले,
मंडईत नुसतंच वीसला दोन.
बोअर सहाशे फुटांवर कोरडं खोकतं,
म्हणून मोटारीचा पाईप ओढ्यात.
ओढा बाराही महिने भरलेला.
वैशाखात सगळं सोलापूर तांबूस करड्या रंगाचं,
त्यात तेवढा एक तुकडा हिरवागार.
त्या हिरव्याला मात्र माझ्याकडं शेड नंबर नाही.

मागं कॉलेजची एक पोरगी आली होती,
पिशवीत पानं भरून, चिठ्ठ्या लावून घेऊन गेली.
जाताना नावं सांगितली : शिसं, क्रोमियम, कॅडमियम.
मी विचारलं, रंग कसला असतो त्यांचा?
ती म्हणाली, काका, एवढ्याशात रंग नसतो.

मला राग आला.
एकतीस वर्षं डोळ्यांवर पोट भरलेल्या माणसाला
असं तोंडावर सांगतात?
मग रात्रपाळीला, एकटा असताना आठवलं :
आमच्याकडचं सगळ्यात जहाल पिंप
दिसायला पाण्यासारखं आहे.
बाळू त्यातूनच प्यायला गेला होता.

बुधवारी सुट्टी टाकून भौरम्माकडं गेलो.
म्हटलं, बुधवारी तरी मोटार लावू नको.
खुरपं न थांबवता म्हणाली,
"तू बुधवारी रंग सोडू नगंस,
मी बुधवारी मोटार लावत न्हाई."
दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.
पाईप मात्र मधेच गुळगुळत होता,
पोट भरल्यासारखा.
"आणि घरी काय खातीस?" मी विचारलं.
"हेच की," ती म्हणाली,
"इकत घ्यायला मी काय कारखानदार हाय?"

निघताना तिनं एक जुडी हातात कोंबली.
पैसे घेतले नाहीत.

अंबाडीचा देठ जन्मानंच लाल असतो.
हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.
आईच्या पुढ्यात बसून पानं खुडली आहेत मी,
देठांची बाहुली केली आहे.
तरी त्या दुपारी पत्र्याखाली
एक देठ उजेडात धरून बसलो,
चौदाच्या चौदा लाल लावून बघितले शेजारी.
ह्यातला देवाचा किती,
माझा किती,
आणि ज्याला रंगच नाही तो किती?

नागम्मा म्हणाली, द्या इकडं, पुलुसू करते,
लसूण सोललाय.
म्हटलं, थांब, आधी धुतो.

एकदा धुतली.
दोनदा.
तिसऱ्यांदा मीठ घालून.
माझ्या नखांतला लाल
लग्नाच्या हळदीनंसुद्धा गेला नव्हता,
तो थोडासा पाण्यात उतरला.
पानांतून काही उतरलं नाही.

परातीतलं पाणी
अगदी स्वच्छ निघालं.

तेच मला आवडलं नाही.