ताणकाटा

वारलाम मास्तर आज वर्गात आलेच नाहीत.
फळ्यावर लिहून गेले होते :
खालच्या स्टेशनात या. वह्या नकोत, बटाटे आणा.

आमच्या च्यातुरात बटाटे आणि मँगनीजची धूळ
कुणाच्याही घरात सापडते.
मी दोन किलो नेले, आईनं तोलून दिलेले.

गंजका पाळणा, नऊ मुलं, कोंबडी घेऊन बसलेली एक आजी
(तिला कुणी बोलावलं नव्हतं, तिला फक्त वर जायचं होतं)
आणि छताच्या कडीला टांगलेला ताणकाटा.
काट्याला माझी पिशवी.
"किती?"
"दोन."
"आता पापणी हलवायची नाही."

त्सियालानं घंटा दिली. हिसका बसला,
पाय एकदम शिशाचे झाले
आणि काटा सव्वादोनवर!
"बटाटे वाढले!" लेवान ओरडला.
"बटाटे तेवढेच. काट्याचं काम वाढलं.
पृथ्वीला तोलून धरायचं,
वर पिशवीला वेगही द्यायचा."

मग वेग आला आणि ठरला.
खाली क्विरिला, खाणीचं पाणी पिऊन काळवंडलेली,
छपरं काडेपेटीएवढी,
आणि काटा पुन्हा दोनवर,
स्टेशनात उभा होता तसाच.
"पण आपण तर चाललोय," मी म्हटलं,
"मग चालायचं बळ कुठाय?"

मास्तर इतके खूश झाले की त्यांची टोपी पडली.
पडली ती त्यांच्याच बुटांपाशी,
जरासुद्धा मागे राहिली नाही.
"बघ, नाझीब्रोला! चाललेलं चालत राहतं.
बळ लागतं ते फक्त बदलायला."

तेवढ्यात वीज गेली.

पाळणा मधोमध अडकला, झुलू लागला.
आजीनं छातीवर क्रूस काढला, कोंबडीनं काहीच नाही.
"दोर तुटला तर?" लेवानचा आवाज धाग्याएवढा.
मास्तरांनी उत्तर टाळलं नाही.
"तर काटा शून्य दाखवेल.
पृथ्वी तेव्हाही तेवढंच ओढेल, तसूभर कमी नाही.
आपल्याला वजन जाणवतं
ते पायाखालून कुणीतरी 'नाही' म्हणतं म्हणून."
"पोरांना काय सांगतोस रे मेल्या!" आजी कडाडली
आणि तिनं सगळ्यांना अक्रोड वाटले.

अक्रोड चघळत मी समोर पाहिलं.
हाकेच्या अंतरावर दुसरा पाळणा,
आमच्याच दोराला बांधलेला, आमच्यासारखाच अडकलेला.
"आपण चढतो तेव्हा तो उतरतो," मास्तर म्हणाले.
"उतरणाऱ्याच्या वजनावर चढणारा चढतो.
मोटर बिचारी मधला फरक तेवढा फेडते."

मी गप्प झाले.
फेब्रुवारीत बाबा याच पाळण्यातून उतरले,
पोलंडला, कुठल्याशा गोदामात कामाला.
मी वरच्या स्टेशनात उभी होते.
बाबा बोटाएवढे झाले, मग नखाएवढे,
आणि इकडे दुसरा पाळणा वर येऊन थांबला,
दार उघडलं,
कुणीच उतरलं नाही.
किती राग आला होता मला त्या रिकाम्या पाळण्याचा!
त्याला तर
बाबांनीच ओढून वर पाठवलं होतं.

वीज आली. वर पोचता पोचता वेग ओसरला,
काटा दोनच्या खाली घसरला,
क्षणभर सगळेच हलके झालो. आजीसुद्धा.

गृहपाठ होता : ओळखीच्या एका वस्तूचं वजन लिहा.
मी लिहिलं : बाबा, अठ्ठ्याहत्तर किलो.
मास्तरांनी लाल शाईत लिहिलं :
किलो हे वस्तुमान. ते पोलंडातही तेवढंच, चंद्रावरही.
वजन न्यूटनमध्ये लिही.

मी नऊ पूर्णांक आठनं गुणलं.
सातशे चौसष्ट.
मग आठवलं, बाबा फोनवर म्हणाले होते,
जरा बारीक झालोय गं.

खोडलं नाही. आकड्यापुढे
बारीक अक्षरात एवढंच लिहिलं :
फेब्रुवारीतलं.