बासष्ट हजार

बर्फ कारखान्याच्या वहीत, मागच्या पानापासून उलट,
मी तीन वर्षं एक हिशेब लिहीत आले.
लाद्यांचा नव्हे.
बासष्ट हजार झाले तेव्हा रजा टाकली
आणि दापोलीची एसटी धरली.

दाबके इलेक्ट्रॉनिक्समधला पोरगा पहिलंच विचारतो,
"फोटो की व्हिडिओ, मॅडम?"
पानावर बसलेल्याला विचारावं, भात की भाकरी, तसं.
दोन्ही, मी म्हणते.
"दोन्हीचा एक मिळतो. पण मग
दोन्हीकडचं थोडं थोडं सोडावं लागतं."

काय सोडू?

हर्णैच्या पुळणीवर संध्याकाळी लिलाव लागतो.
आई पापलेटाच्या टोपलीपाशी उकिडवी.
व्यापारी बोटं दाखवतो, ती बघतसुद्धा नाही.
पुन्हा बोटं.
मग तिची हनुवटी जराशी वर जाते, आणि झालं,
आवंढा गिळण्याइतका वेळ.
फोटोत हनुवटी राहील, भाव राहणार नाही.
व्हिडिओत भाव ऐकू येईल, गलका, टेम्पोचा हॉर्न, कावळे,
पण हनुवटी निघून जाईल
रोज जाते तशीच.

मोबाइलवर काढलंय मी हे, कितीदा.
मोबाइल आईला गोरी करतो,
तिच्या सुरकुत्या न विचारता पुसतो
कुणाची तरी उधारी माफ केल्यासारख्या.

पोरगा नवा पुढे करतो. पांढरं खोकं, हलका,
पडदा असा वळतो की आपण आपल्याला दिसतो.
मला मी नकोय त्यात, मी म्हणते.
तो हसतो. मग हसायचं थांबतो.

स्टँडच्या मागे मुरकरांचा स्टुडिओ, महिनाअखेर बंद होणार.
भिंतीवर अजून काश्मीरचा पडदा,
खालच्या कोपऱ्यातला बर्फ उंदरांनी खाल्लेला.
काका एक लेन्स ट्यूबलाइटसमोर धरतात. "आत बघ."
आत पांढरी मुळं, केसाहून बारीक,
काचेत उगवलेली.
"बुरशी. पाण्याजवळ एकदाही नेली नाही ही.
कपाटात जपली सात वर्षं, म्हणून लागली.
उन्हात वापरली असती तर वाचली असती."
हे ते लेन्सबद्दलच बोलत होते, मला वाटतं.

मग टेबलाखालून जुना, जड, काळा कॅमेरा.
एका खांद्याला पोचा. झाकणांना रबर,
खारा वारा थोपवेल असं.
"व्हिडिओ करताना तापतो. वीस मिनिटांनी बंद पडतो.
तुझा लिलाव किती वेळ चालतो?"
एका टोपलीला दहा सेकंद, मी म्हटलं.
"मग काय!"

एक्केचाळीस हजार, पन्नासच्या स्वच्छ काचेसकट.
उरलेल्यातून माइक, दोन कार्डं,
आणि घट्ट झाकणाचा एक डबा,
ज्यात आईनं सुकट भरायच्या आत
मी सिलिकाच्या पुड्या भरून टाकल्या.
ती डबा हुंगून म्हणाली, "वासच नाही गो याला."

दुसऱ्या दिवशी तो बर्फखान्यात सोबत नेला, ही चूक.
सुट्टी झाली, बाहेर आले, आणि काच पांढरी.
पुसू नये, काकांनी बजावलेलं. थांबावं.
प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कठड्यावर बसले.
घाम पिशवीला बाहेरून सुटला,
ओघळ माझ्या मांडीवर.
खाली बोली लागत होती. मला ऐकू येत होती,
तिची हनुवटी मी इथूनही ओळखते.

काच निवळली तेव्हा पुळण रिकामी.
पहिला फोटो: ओल्या वाळूत टोपलीच्या बुडाचा गोल.
पहिला व्हिडिओ: आई नोटा मोजते,
दोनदा चुकते, वर बघते,
"चालू हाय काय रे तो?"
आणि मला कळत नाही, ते कॅमेऱ्याला
की मला.